कागदवाले अण्णांची बाज

अण्णा अंतर किलोमीटरमध्ये सांगत नसत, सेकंदांत सांगत. मी पहिल्यांदा त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी माझं नावही विचारलं नाही. "कुठनं आलीस?" एवढंच विचारलं.

"सांगलीहून. कॉलेजमधून आले. मूळची रहिमतपूरजवळची."

"सांगली बारा सेकंद. रहिमतपूर सहा," ते म्हणाले. "बस. पानी घे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'रहिमतपूर' झाले.

गेल्या महिन्यात त्यांच्या शेजारच्या हौसाकाकीचा फोन आला. अण्णा गेले. वय झालं होतं, त्रास झाला नाही, असं ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मला वाटलं, यांच्याविषयी कुठेतरी लिहून ठेवायला हवं. मला लिहायची सवय नाही. आमच्या प्रोजेक्टच्या अहवालात अण्णांचं नाव एका ओळीत आलं आहे, 'माहितीचा स्रोत' या रकान्यात. माणसाबद्दल लिहायला त्यात दुसरा रकाना नव्हता.

अण्णा पाटणच्या पुढे डोंगरातल्या एका वाडीत राहायचे. त्या पट्ट्यात जमीन अधूनमधून हलते, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. वाडीजवळ भूकंप मोजण्याचं एक छोटं केंद्र आहे आणि अण्णांनी तिथं सगळी नोकरी काढली. यंत्रातल्या फिरत्या नळकांड्यावर कागद असायचा, त्यावर सुई रेघ ओढत राहायची. रोज सकाळी साडेआठला जुना कागद काढून नवा लावायचा, हे त्यांचं काम. म्हणून त्यांना सगळे 'कागदवाले अण्णा' म्हणत. भूकंपाच्या दोन लाटा निघतात, एक पळत येते, दुसरी तिच्यामागून चालत येते. दोन्हींमधले सेकंद कागदावर मोजायचे, आठाने गुणायचे, की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. अण्णांनी इतकी वर्षं हा गुणाकार केला, की शेवटी ते गुणायचेच थांबले. पाटण त्यांच्यासाठी एक-दोन सेकंदांवर होतं आणि पुण्याला दिलेली लेक पंधरा सेकंदांवर.

मी गेले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. केंद्रात आता नवं यंत्र आहे, ते आपलं आपण माहिती पाठवतं आणि दाराला कुलूप असतं. तरी अण्णा रोज साडेआठला त्या कुलपापर्यंत जाऊन यायचे. निघण्याआधी रेडिओच्या ठोक्यावर घड्याळ लावायचे.

त्यांची चाल मी विसरणार नाही. यंत्राजवळ जड पाऊल पडलं तरी सुई हलते, म्हणून त्यांनी आयुष्यभर टाच न टेकवता चालायची सवय लावून घेतली होती. पुढे गुडघे गेले, तरी चाल तीच. दार कधी आपटायचे नाहीत. कप ठेवताना आधी करंगळी टेकवायचे, मग कप.

मी तिथे का गेले तेही सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. मॅडमनी विषयांची यादी दिली आणि मी त्यातला सगळ्यात मोठा वाटला तो निवडला, भूकंपाचं भाकीत. वडिलांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मंजे कवा हुनार ते तू सांगनार व्हय?" मी नाही म्हणायच्या आत त्यांनी ते शेजारी सांगूनही टाकलं होतं. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातलं पुरे झालं, ज्याने रोज कागद बघितलाय अशा माणसाला भेट."

मी वहीत प्रश्न लिहून नेले होते. ते वाचताना माझा आवाज बारीक झाला. 'भूकंपापूर्वी आपणास काही पूर्वसूचना प्राप्त होत असत काय?' असा एक प्रश्न होता.

अण्णांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमच्या घरात असंच बोलत्यात?"

"नाही."

"मग पुस्तकावानी बोलू नगं. आणि मला सांग, तू ऱ्हातीस ती खोली कुठं?"

"माधवनगरला. तिघी मिळून राहतो."

"झोपतीस तितं डोक्यावर काय हाय?"

मला कळलं नाही. हौसाकाकी कुंपणापलीकडून हसली. "आवं अण्णा, आल्या आल्या सुरू व्हय? पोरगीला चा तर घिऊ द्या."

हा त्यांचा सगळ्यांना विचारायचा प्रश्न होता. ते कुणाच्या घरी गेले की आधी वर बघत. पलंगाच्या वरच्या फळीवर हंडा आहे का, कपाटावर बॅगा आहेत का, भिंतीचा वरचा दगड सुटलाय का. दिसलं की तिथेच बोलून दाखवत. वाडीत लग्न झालं की लोक भांडी, साडी देत. अण्णा आहेर म्हणून कपाट भिंतीला बांधायच्या लोखंडी पट्ट्या आणि स्क्रू देत, कागदात गुंडाळून. हौसाकाकीच्या सुनेला वाटलं दागिना आहे. "उघडून बगितलं आनि पोरगी रडायचीच बाकी ऱ्हायली," काकी सांगायची. पण त्या पट्ट्या तिने बसवून घेतल्या होत्या, हे मी पाहिलं.

मी माझ्या डोक्यावर काय आहे ते आठवून सांगितलं. लोखंडी रॅक, त्यावर पुस्तकं.

"ती खाली घे. मग भाकिताचं बोलू," ते म्हणाले. मी सांगलीला परतल्यावर पुस्तकं खाली घेतली. पुढच्या खेपेला त्यांनी तेच आधी विचारलं.

अण्णांचं घर वाडीतलं सगळ्यात मजबूत घर होतं. खांब, वर सिमेंटचा पट्टा, हलका पत्रा. आणि ते स्वतः त्या घरात झोपत नसत. त्यांची बाज अंगणात चार पाइपांवर टाकलेल्या छपराखाली असायची. पावसाळ्यात बाजूने ताडपत्री, थंडीत दोन घोंगड्या. मला वाटलं, इतकी वर्षं यंत्रापाशी काढलेला माणूस, घाबरत असेल.

"घाबरतोय कशाचा," हौसाकाकी म्हणाली. "त्यो आमच्यापायी भाईर हाय."

मग तिने सांगितलं. खूप वर्षांपूर्वी अण्णांच्या बाजेत ढेकूण झाले. त्यांनी बाज उन्हात काढली, उकळतं पाणी ओतलं आणि ती वाळेना म्हणून संध्याकाळी अंगणातच तिच्यावर पाठ टेकली. समोरच्याने पाहिलं. कागदवाला माणूस आज बाहेर का, म्हणून त्यानेही अंथरूण बाहेर काढलं. दिवे लागेपर्यंत सगळी वाडी अंगणात होती. शाळेचे गुरुजी बायकोमुलांसकट मैदानात जाऊन बसले. अण्णा घरोघरी जाऊन सांगत होते, ढेकूण झाल्यात म्हणून. "कोन इश्वास ठेवनार?" काकी म्हणाली. "आमाला वाटलं, सरकारी मानूस हाय, सांगाया बंदी आसंल, म्हनून ढेकनाचं नाव सांगतोय." सगळे दोन दिवस बाहेर राहिले.

तेव्हापासून सगळ्या वाडीचं लक्ष त्या बाजेवर. बाज आत गेली की लोक निर्धास्त, बाहेर आली की लोक बाहेर. अण्णांनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी एक दिवस छप्पर घातलं आणि बाज कायमची बाहेर टाकली. रोजच बाहेर असली म्हणजे तिच्यातून कुणाला काही काढता येणार नाही. तेव्हा त्यांची बायको जाऊन वर्ष झालं होतं, असंही काकी बोलता बोलता म्हणाली आणि आपल्या अंगणात निघून गेली.

मी तिथे असताना एकदाच जमीन हलली. आम्ही चहा पीत होतो. आधी एक गुरगुर आली, ट्रक लांबून यावा तशी, मग घरातली भांडी वाजली. मी उभी राहिले. अण्णा बसूनच होते, ओठ हलत होते, मोजत होते. "जवळचाच," ते म्हणाले.

"वाट्या वाजल्या, ताटं न्हाई वाजली," हौसाकाकी दारातून म्हणाली. "बारका हाय."

माझ्या कपातला चहा सांडला होता आणि मला त्याची लाज वाटत होती. अण्णांनी माझ्या हातातला कप काढून घेतला. करंगळी टेकवून खाली ठेवला.

त्याच दिवशी जेसीबी चालवणारा सुनील मोबाइल घेऊन आला. "अण्णा, हे बगा. परवा दुपारी दोनला मोठा येनार म्हनं."

"पाठवलं कुनी?"

"ग्रुपवर आलंय."

"मग ग्रुपलाच इच्यार, परवा दोन वाजता आमच्या सुन्यानं जेसीबी दरडीखाली लावायचा का मोकळ्यात."

सुनील हसला. पण गेला नाही. "तुमी सांगा की मग. येनार का न्हाई?"

अण्णांनी मोबाइल त्याच्या हातात परत दिला. मी पाहत होते. इतका दमलेला चेहरा मी माझ्या आईचाही पाहिलेला नाही, आणि ती लोकांच्या उसात भांगलायला जाते. मग ते म्हणाले, "तुज्या घरात डोक्यावर काय हाय?"

"झालं ह्यांचं सुरू," म्हणत सुनील निघून गेला. परवा दोन वाजता तो मैदानात होता, असं मला नंतर कळलं. काही झालं नाही.

मी अण्णांना वाचलेलं सांगायचे. खोल खाणींमध्ये खडक तडकायच्या आधी बारीक आवाज करतो, ते आवाज यंत्राने ऐकून माणसं वर काढतात, असं काही ठिकाणी जमतं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, दोनदा प्रश्न विचारले. मग म्हणाले, "खानीतनं मानसं वर काडता येत्यात. आमी कुठं जायाचं वर?"

चौथ्या खेपेला त्यांनी घरातून खताची एक रिकामी पिशवी आणली. आत वह्या होत्या, शाळेतल्या शंभर पानी. मी उघडून पाहिल्या. प्रत्येक पानावर तारखा आणि तीन रकाने. पहिल्यात खुणा. 'विहिरीचं पाणी चार बोटं उतरलं.' 'हौसाची म्हैस बसली नाही.' 'कावळे गप.' 'उकाडा.' दुसऱ्यात एकच शब्द, 'हो' किंवा 'नाही'. तिसऱ्यात दुसऱ्या दिवशी कागदावर काय आलं ते.

"रोज कागद बदलायच्या आदी लिवायचो," अण्णा म्हणाले. "आज येनार का न्हाई. हापिसात कुनाला म्हाईत न्हवतं. हसले आसते."

"किती वर्षं?"

"नोकरीभर."

"मग जुळायचं का?"

"मोजलं न्हाई कवा." त्यांनी पिशवीचं तोंड धरून ठेवलं होतं, जणू अजून द्यायची की नाही ठरत नव्हतं. "तू मोज. हो म्हनलेलं किती खरं निगालं, न्हाई म्हनलेलं किती. आनि यातला एक दिस तुला घावंल. त्याच्या फुडं तेरा दिस पानं कोरी हाईत. त्याच्या आदीचे आठ दिस नीट बग. त्यात काय व्हतं का, जे मला दिसाय पायजे हुतं."

मी विचारलं नाही तो कोणता दिवस. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर हौसाकाकी एसटी येईपर्यंत माझ्याजवळ उभी राहिली, तेव्हा तिने सांगितलं.

तेव्हा आठवडाभर सारखे बारीक धक्के येत होते आणि माणसं अंगणातच राहत होती. अण्णांच्या बायकोला ताप होता, ती आंब्याखाली पडून होती. दुपारी अण्णा जेवायला आले. सकाळचा कागद शांत होता. ऊन तिच्या अंगावर आलं होतं. "कागद गप हाय," ते म्हणाले, "आत जाऊन पड." ती आत गेली. तासाभराने हादरा आला, फार मोठा नाही, पेपरात बातमीसुद्धा आली नाही. भिंत उभी राहिली. फळीवरची लोखंडी ट्रंक तेवढी खाली आली.

"काय होतं ट्रंकेत?" मी विचारलं.

काकीने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. एसटी आली आणि मी चढले. पिशवी मांडीवर घ्यायचा मला धीर झाला नाही, पायाशी ठेवली.

मोजायला मला सहा रविवार लागले. खोलीतल्या मुली सिनेमाला जायच्या, मी फरशीवर बसून चार उभ्या रेघा आणि एक आडवी असं करत राहायचे. तो दिवस सापडला. अक्षर इतर दिवसांसारखंच होतं. दुसऱ्या रकान्यात 'नाही'. त्याच्या मागचे पाच दिवस त्यांनी 'हो' लिहिलं होतं आणि पाचही दिवस त्या बारीक धक्क्यांपलीकडे सांगण्यासारखं काही आलं नव्हतं. सहाव्या दिवशी माणूस कंटाळून 'नाही' लिहील, तसं ते लिहिलेलं होतं. विहीर, म्हैस, कावळे, त्या आठ दिवसांत जे होतं ते वर्षात अनेकदा होतं आणि त्यानंतर काही झालेलं नव्हतं. मी तीनदा तपासलं. बाकी वह्यांचं म्हणाल तर अण्णांनी रोज नाणं उडवून लिहिलं असतं, तरी साधारण इतकंच जुळलं असतं.

मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगलं काम केलंस. संबंध आढळला नाही, हाही निष्कर्षच असतो. तसं लिही."

लिहिणं सोपं होतं. सांगायला मला पाटणपर्यंत जायचं होतं.

त्या आठवड्यातही बारीक धक्के चालू होते. वाडीत बहुतेकांची अंथरुणं अंगणात होती. दुपार होती. अण्णा बाजेवर बसले होते. मी सरळ सांगितलं, कारण वाटेत ठरवलेलं सगळं विसरले होते. "अण्णा, त्या आठ दिवसांत काहीच नव्हतं. कुणालाच दिसलं नसतं."

"नीट बगितलंस?"

"तीनदा."

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "मंजे माजी चूक न्हाई."

"नाही अण्णा."

मला वाटलं आता त्यांना बरं वाटेल. तेवढ्याच आशेने मी आले होते.

"आनि बाकीच्या वह्या?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी मान खाली घातली.

"मंजे त्यात बी काय न्हाई."

"अण्णा, नाही हेही उत्तरच असतं. मॅडम म्हणाल्या..."

"मॅडमला सांग," ते म्हणाले, "लय वर्सं लागली या उत्तराला."

रागावून म्हणाले नाहीत. ओझं खाली ठेवल्यावर माणूस हात मोकळा सोडून पाहतो, तसे ते आपल्या हातांकडे पाहत होते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या नसाव्यात असं मला वाटत होतं. चूक होती तर वह्यांना काही अर्थ होता. चूक नव्हती तर त्यांनी बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी पुन्हा वही उघडून जे लिहायला घेतलं, ते सगळं रिकामं होतं. मी मोजून त्यांच्या हातात काय दिलं, मला अजून कळलेलं नाही.

मी पिशवी पुढे केली. त्यांनी घेतली नाही.

"तुज्याकडंच ऱ्हाऊ दे. खालीच ठेव पर. कपाटावर ठेवू नगंस."

वह्या आज माझ्या खोलीत आहेत, फरशीवर, भिंतीच्या कडेला.

चहा झाला. अण्णांनी गुडघे दाबले आणि म्हणाले, "रहिमतपूर, आज आत झोपावं म्हनतो. लेक कवाची म्हनतीया. आता काय बगायचं ऱ्हायलंय भाईर."

मी म्हटलं, झोपा. मला खरंच आनंद झाला. मी बाज धरू का विचारलं, तर म्हणाले, नको, एसटी चुकंल तुजी.

थांबा त्यांच्या अंगणासमोरच आहे. मी रस्ता ओलांडून उभी राहिले. अण्णांनी घोंगड्या काढल्या, बाज एका बाजूने उचलली आणि मागे मागे चालत दाराकडे न्यायला लागले, तसेच टाच न टेकवता. बाजेचे दोन पाय उंबऱ्याच्या आत गेले.

तेवढ्यात हौसाकाकीच्या अंगणातून आवाज आला. "अगं ए, अण्णांची बाज आत चालली बग."

मग तिच्या सुनेने सतरंजी झटकली. पलीकडे सुनीलच्या आईने उशा गोळा केल्या. कुणीतरी पोराला म्हणालं, "जा, फळीखालची जागा झाडून घे, आज आतच पडू." सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. इतके दिवस उघड्यावर काढून कंटाळलेली माणसं हसत हसत अंथरुणं उचलत होती.

अण्णा दारात उभे होते. बाज अर्धी आत, अर्धी बाहेर. त्यांनी हौसाकाकीच्या घराकडे पाहिलं, सुनीलच्या घराकडे, तिथल्या मातीच्या भिंतींकडे. "आगं, माजे गुडघं दुकत्यात म्हनून चाललोय," ते म्हणाले.

"व्हय व्हय," काकी म्हणाली आणि सतरंजीची घडी घालत राहिली.

एसटी आली. मी चढून खिडकीशी बसले. कंडक्टर तिकीट विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं. गाडी वळायला लागली तेव्हा अण्णा वाकून बाज परत बाहेर ओढत होते, छपराखाली, तिच्या जागेवर. चारही पाय त्यांनी हळूच टेकवले, एकेक करून, आवाज न करता.